सूर-सवाल : "भाऊ, फ्रेट कुठे गेले?"

प्रश्न : नमस्कार दादा. मी सावद्याचा. 14 वर्षं झाली, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतोय. अहिराणी गाणी, जुनी हिंदी, मधेच कोणी नोटा उधळल्या की तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून, सगळं डोळे मिटून वाजतं. मागच्या दिवाळीत मुंबईहून एक जुना डबल बेस (उभा धरून वाजवायचं, व्हायोलिनसारखं पण माणसाएवढं वाद्य) घेतला, एका वादकाच्या घरच्यांनी स्वस्तात दिला, आणि केळी खाली करून परत येणाऱ्या गाडीत गोधड्यांत गुंडाळून आणला. मला वाटलं तारा त्याच आहेत, ई ए डी जी, आठवड्यात हात बसेल. आता तीन महिने झाले, डाव्या अंगठ्याचं मूळ ठणकतं, उजव्या बोटाला फोड आलाय, एक सूर जागेवर लागत नाही आणि बायको म्हणते घरात म्हैस रेकतेय. शिकवणारा लावायचा का व्हिडिओ बघून भागेल? इकडे तर कोणी शिकवणारं दिसत नाही. सुरुवात तरी कुठून करू?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचून मी आधी मनसोक्त हसलो, कारण हेच सगळं माझ्या घरात भुसावळला झालंय, फक्त आमच्याकडे म्हशीऐवजी मालगाडी म्हणायचे.

आधी सरळ उत्तर देतो. शिकवणारा पाहिजेच. कायमचा नको, पण पहिल्या चार-पाच वेळा तरी समोर उभा राहून तुमचा खांदा, कोपर, अंगठा हातानं धरून जागेवर ठेवणारा माणूस पाहिजे. जो कोरा येतो त्याचं एक वेळ व्हिडिओवर भागेल, तुमचं भागणार नाही, कारण तुमच्या हातांना 14 वर्षांच्या सवयी आहेत आणि त्या सवयींना वाटतं की आपल्याला हे येतंय. तारांची नावं तीच, सप्तकही तेच, मोकळी (न दाबलेली) ई दोन्हीकडे साधारण 41 हर्ट्झची, बेस क्लेफमध्ये (खालच्या सुरांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) लिहिलेलं एक सप्तक खाली वाजतं तेही दोन्हीकडे सारखंच. त्यामुळे डोकं म्हणतं ओळखीचं वाद्य आहे. हाताला मात्र यातलं काहीच ओळखीचं नाही, आणि ही भानगड मला कळायला दोन वर्षं लागली.

मोजून बघा, घरात टेप असेलच. तुमच्या बेस गिटारची तार नटपासून (वरच्या टोकाच्या खाचेपासून) ब्रिजपर्यंत (खालच्या घोडीपर्यंत) 34 इंच, म्हणजे 86 सेंटीमीटरच्या आसपास. डबल बेसची 105 च्या आसपास. (तुमच्या वाद्याला लोक थ्री-फोर्थ म्हणतील तर वाईट वाटून घेऊ नका, मोठ्या माणसांचा नेहमीचा साइज तोच, पूर्ण साइजवाले फार थोडे.) गिटारवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटपर्यंत (सुराची जागा दाखवणाऱ्या त्या धातूच्या आडव्या पट्ट्या) चार बोटं पसरली की साधारण 13 सेंटीमीटर होतात, आपण ते रोज करतो. तेच चार स्वर डबल बेसवर पकडायला गेलात की 16 च्या जवळ जातं, वर तारा जाड आणि उंच. तुम्ही नक्की एका बोटाला एक स्वर असंच लावताय, पैजेवर सांगतो. ठणका तिथूनच येतोय.

खालच्या भागात डावा हात असा चालतो : पहिलं बोट, दुसरं बोट, आणि चौथं. तिसरं बोट एकटं वाजवत नाही, ते करंगळीला टेकू देतं, म्हणजे करंगळी दाबली की मागची तिन्ही बोटं सोबत खाली असतात. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत एकाच पूर्ण स्वराचं अंतर, साधारण 10 सेंटीमीटर, आणि पुढचा स्वर पाहिजे तर बोट ताणायचं नाही, अख्खा हात सरकवायचा. या पद्धतीला सिमांडलचं नाव आहे. फ्रांझ सिमांडल (1840-1912) हा मूळचा बोहेमियाचा, व्हिएन्नाला शिकवायचा, आणि आजही बहुतेक शिकवणारे सुरुवात याच बोटांनी करून घेतात. चारही बोटं वापरणारेही चांगले वादक आहेत, पण तुमच्या ठणकणाऱ्या अंगठ्याला आत्ता ते सांगू नका.

आता तो अंगठा. गिटारवर आपण मागून अंगठा आणि पुढून बोटं अशी चिमटा काढल्यासारखी दाबतो, पातळ तार आणि दोन मिलिमीटर उंची, चालून जातं. डबल बेसच्या एकेका तारेला पंचवीस-तीस किलोचा ताण असतो, तिथे चिमटा किती वेळ पुरणार? तार दाबायची ती हाताच्या वजनानं, म्हणजे कोपर थोडं वर, मनगट सरळ, आणि आख्खा हात बोटांतून तारेला लोंबकळतोय असं. विहिरीतून पोहरा ओढताना बघा, बोटं नुसती आकडा होतात, ओढतं अंग. अंगठा दुसऱ्या बोटाच्या मागे, नुसता टेकलेला. खरं की खोटं बघायचं तर सूर वाजवताना अंगठा नेकवरून उचला, सूर मेला तर तुम्ही चिमट्यावर जगताय. रोज पाच मिनिटं बिनअंगठ्याचं वाजवा, आणि ठणका सुरू झाला की थांबा, ऑर्केस्ट्रातली "पुढचं गाणं, पुढचं गाणं" ही सवय इथे घातक आहे. पंधरा मिनिटं वाजवा, उठा, चहा घ्या, परत या. आठ-दहा दिवस वाद्य बंद ठेवूनही दुखत असेल तर डॉक्टरला दाखवा, या कॉलमला विचारू नका.

त्याच्याही आधी उभं राहणं. बरेच गिटारवाले डबल बेस डाव्या हातानं सांभाळतात, मग तोच हात वाजवणार कधी? खालचा एंडपिन (वाद्य टेकवायचा दांडा) एवढा काढा की नट तुमच्या कपाळाच्या, भुवयांच्या आसपास येईल. वाद्याची मागची उजवी कड तुमच्या पोटाच्या डाव्या बाजूला, कमरेच्या हाडाजवळ टेकवा आणि थोडं स्वतःकडे वळवा. मग दोन्ही हात सोडा. (आधी जवळ कोणालातरी उभं करा.) तुमच्या अंगावर ते गुमान उभं राहिलं पाहिजे, राहत नाही तोवर एकही सूर वाजवू नका. आपल्याकडे गुळगुळीत फरशी असते, त्यावर एंडपिन असा सटकतो की काळजात धस्स होतं. रबरी टोपी बघा, नसेल तर जाड पायपुसणं, तेही नसेल तर केळीच्या गाडीतली ती गोधडी.

फोडाचं कारण उजव्या हातात आहे. तुम्ही बोटांच्या टोकांनी दोन बोटं आळीपाळीनं चालवताय, बरोबर ना? इथे पहिलं बोट तारेला जवळजवळ समांतर, टोक जमिनीकडे, आणि पेराच्या बाजूच्या मांसानं ओढायचं, अंगठा फिंगरबोर्डच्या (बोटं दाबायच्या पट्टीच्या) कडेला टेकवून, फिंगरबोर्ड संपतं त्या जवळपास. जोर बोटाचा नाही, हाताचा. गिटारवर आपण नुसतं बोट लावतो आणि बाकीचं अँप करतो, त्यामुळे अँपनं आपल्याला लाडावून ठेवलंय. डबल बेसला अँप म्हणजे तुमचा खांदा. फोड फोडू नका, बसू द्या, महिनाभरात कातडी जाड होते.

मजा अशी की उलट्या दिशेनं गेलेले लोक पण आहेत. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा वादक जेम्स जेमरसन आधी डबल बेस शिकला, नंतर हातात इलेक्ट्रिक आली, पण उजव्या हाताचं तेच एक बोट त्यानं शेवटपर्यंत सोडलं नाही, आणि त्या एका बोटानं काय काय वाजवलंय ते ऐका, म्हणजे माझ्यावर विश्वास बसेल.

सूर जागेवर लागत नाही म्हणताय. कसा लागणार भाऊ, जागा दाखवणारं काहीच नाही ना! 1951 साली लिओ फेंडरनं बेस गिटार काढली तिचं नावच प्रिसिजन ठेवलं, म्हणजे फ्रेट आहेत, सूर अचूक येणार, ही त्याची जाहिरातच होती. ती सोय आता गेली. पण आपण महाराष्ट्रातली माणसं, आपल्याकडे तानपुरा आहे! फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप घ्या, पांढरी पाच लावा, म्हणजे जी. आता फक्त नटजवळच्या भागात, हात अजिबात न सरकवता, अख्खं सप्तक मिळतं ते बघा : ई तारेवर दुसरं बोट सा, मोकळी ए रे, ए तारेवर पहिलं बोट ग, दुसरं म, मोकळी डी प, डी तारेवर पहिलं बोट ध, चौथं नि, आणि मोकळी जी वरचा सा. आठातले तीन स्वर मोकळ्या तारांचे, म्हणजे तारा नीट मिळवल्या असतील तर ते चुकूच शकत नाहीत, आणि बाकीच्यांना तेच साक्षीदार. खालचा सा बरोबर बसला की वरची मोकळी जी न छेडता आपोआप थरथरते, तिच्यावर हलकं बोट ठेवून बघा, जाणवतं. बसला नाही की ती गप्प. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी अर्धा तास तोच एक सा वाजवत बसलो होतो, आई आतून ओरडली की पुढचं काही येतं का नाही.

फिंगरबोर्डवर स्टिकर लावू का म्हणून विचारणार असाल तर, काही शिकवणारे लावतात, काही चिडतात. माझं मत, पहिल्या बोटाच्या जागेवर कडेला पेन्सिलचा एक ठिपका, बस. तोही महिन्या-दीड महिन्यात घामानं पुसला जाईल तर जाऊ द्या. नजर तिकडे गेली की कान सुट्टीवर जातो.

आणि शिकवणाऱ्याचं म्हणाल तर मुंबईला बघा. तिथे सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधल्या गोवेकर वादकांची जुनी परंपरा आहे, एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, चौकशी केली की शिकवणारा सापडतो. रात्रीच्या गाडीनं जा, सकाळी शिका, रात्रीच्या गाडीनं परत. डबल बेस सोबत न्यायचा वेडेपणा करू नका, सहा फुटी धूड, डब्यात लोक तुम्हाला खाली उतरवतील. शिकवणाऱ्याच्या वाद्यावर शिका आणि त्याचा हात कसा लावला त्याचे फोनवर व्हिडिओ काढा, विचारून. महिन्यातून एकदा असं चार-पाच महिने केलं की मग ऑनलाइन चालेल. ऑनलाइनला कॅमेरा एकदा समोरून आणि एकदा डावीकडून मागून, अंगठा दिसेल असा लावा, कारण सगळे समोरून लावतात आणि खरी चोरी मागे चालू असते. आणि पहिल्या भेटीत घोडीची उंची विचाराच, जुन्या वाद्यांच्या तारा बऱ्याचदा विनाकारण उंच असतात, कारागिरानं घोडी थोडी घासली तर निम्मं दुखणं तिथेच जाईल.

प्रश्न : मी धुळ्याची, कॉलेजला आहे, बेस गिटार चार वर्षं. डबल बेसवर मला फक्त बोटांनी वाजवायचंय, जुन्या गाण्यांत मागे ढुम ढुम चालतं ना तसं. सर म्हणतात बो (तारांवर ओढायचा गज) शिकावाच लागेल. मला तो आवाज आवडत नाही, करवतीसारखा येतो. नाही शिकला तर चालेल का?

उत्तर : चालेल ताई, पण सरांचं ऐका. छेडलेला सूर लगेच विरतो, त्यामुळे तो कणसूर असला तरी आपण स्वतःला फसवून पुढे जातो. बोचा सूर तुम्ही ओढाल तितका वेळ समोर उभा राहतो आणि कण कुठे आहे ते कानात टोचत राहतो. रोज दहा मिनिटं बो, मोकळ्या तारांवर, लांब लांब, बाकी वेळ खुशाल ढुम ढुम करा. महिन्याभरात तुमचं छेडलेलंही सुरात येईल, ते बो न शिकता यायला वर्ष जाईल.

करवतीचा आवाज येतो कारण बहुतेक तुम्ही बो दाबताय आणि घाईनं ओढताय. वजन सोडायचं, दाबायचं नाही, आणि जाड तारेवर आणखी सावकाश. बो दोन तऱ्हेचे असतात, जर्मन आणि फ्रेंच. जर्मन खालून धरतात, तळहात वरच्या बाजूला वळलेला, फ्रेंच वरून, चेलोवाले धरतात तसा. कुठला चांगला यावर लोक भांडतात, तुम्ही सरांचा जो आहे तो घ्या आणि भांडण त्यांच्यावर सोडा. बोच्या केसांना बोट लावू नका, वाजवून झालं की त्याचा स्क्रू ढिला करा.

राळ (बोच्या केसांना लावतात ती) डबल बेसचीच घ्या, व्हायोलिनची कडक असते, पकड येत नाही. पण ही मऊ राळ आणि आपला उन्हाळा, बापरे. आखाजीच्या दिवशी मी बोची पेटी गाडीत ठेवून मामाकडे पुरणपोळी खायला गेलो, दोन तासांनी आलो तर राळ पाघळून अख्ख्या पेटीभर, बोचे केस तिच्यात चिकटलेले, ते सगळे बदलावे लागले. राळ घरात माठाजवळ ठेवा, डबी नेहमी सपाट.

प्रश्न : नंदुरबारहून लिहितो. माझ्या डबल बेसला मे महिन्यात वरच्या पाटीच्या कडेला फट पडली, साधारण चार बोटं लांब, आणि तारा खाली बसून कर्र कर्र करतात. ओळखीचा सुतार म्हणतो फेविकॉल भरून देतो, संध्याकाळपर्यंत पक्कं. देऊ का?

उत्तर : सुताराला चहा पाजा आणि परत पाठवा! कडेला, जिथे पाटी आणि बरगडी (बाजूची लाकडी पट्टी) जुळते तिथेच फट असेल तर लाकूड फुटलेलं नाही, सांधा सुटलाय, आणि तो सुटावा अशीच रचना असते. कारागीर तिथे सरस वापरतात, जनावराच्या कातड्या-हाडांचा, तो मुद्दाम बेताचा ठेवतात. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसलं की सांधा सुटतो आणि पाटी वाचते. फेविकॉलनं पक्कं केलंत तर पुढच्या मे मध्ये सांधा सुटणार नाही, पाटीच चिरेल, आणि ते दुखणं दहापट खर्चाचं. व्हायोलिन-चेलो दुरुस्त करणारा गाठून सरसनंच लावून घ्या. तोवर तारा थोड्या ढिल्या करा, पण सगळ्या काढू नका. मी एकदा तारा बदलायच्या म्हणून चारही एकदम काढल्या, घोडी तर पडलीच, वर आतून टक असा आवाज आला. साउंडपोस्ट पडला होता. तो आतला लाकडी दांडा चिकटवलेला नसतोच, तारांच्या दाबावर उभा असतो, घोडीही तशीच. पाटीवरच्या एफ आकाराच्या भोकातून टॉर्च मारून बघत बसलो तासभर, शेवटी वाद्य मुंबईला पाठवावं लागलं. एक तार काढा, नवी लावा, मग दुसरी.

कर्र कर्र त्याच सुकण्यानं. उन्हाळ्यात पाटी खाली बसते, तारा खाली येतात, पावसाळ्यात लाकूड फुगून तारा वर जातात. घोडीला फिरवायची चाकं असतील तर मोसमाप्रमाणे थोडं वर-खाली करता येतं. वाद्य भिंतीला लागून, उन्हाच्या खोलीत नको, मधल्या खोलीत ठेवा. लोक एसी लावतात, तो हवा आणखी कोरडी करतो, आपला वाळ्याचा कूलर उलट ओल देतो, म्हणजे या बाबतीत गरिबाची सोय बरी. पण कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका, एकाच बाजूला ओल बसते. नवीन घेणाऱ्यांना मी तर सांगतो, आपल्या हवेत प्लायवूडचा डबल बेस घ्या, आवाज थोडा कमी खुलतो, पण मे महिन्यात झोप लागते.

प्रश्न : चाळीसगाव. मुलगी 11 वर्षांची, माझी बेस गिटार घेऊन बसते, आता डबल बेसचं वेड लागलंय. एवढ्या लहान वयात जमेल?

उत्तर : जमेल, लहान साइज मिळतात, वन-हाफ, वन-क्वार्टर, त्याहून लहानही. मोठ्या वाद्यावर उभी करू नका, तिचा हात वाकडा बसेल. तिच्या मापाचं मिळेपर्यंत गाणं शिकू द्या, तोंडानं सा लागला की बोट तो शोधून काढतं.

प्रश्न : मी पहिलाच, सावद्याचा, पुन्हा लिहितोय, मागच्या पत्रात एक राहिलं. येत्या लग्नसराईत डबल बेस स्टेजवर न्यायचा विचार आहे, पार्टीचे मालक म्हणतात भारी दिसेल. नेऊ?

उत्तर : नका नेऊ भाऊ. शेजारी ऑक्टोपॅड, मागे मोठाले बॉक्स, पिकअप (वाद्याचा आवाज अँपला देणारा माइक) लावला की पोकळ पोट असल्यानं घूंऽऽ करून फीडबॅक मारणार, मग साउंडवाला तुमचा आवाज बंद करणार आणि तुम्ही नुसते झाड धरून उभे. वर भर उन्हातला मांडव, आणि वरातीतले पाहुणे फोटोसाठी त्याला टेकणारच. लग्नात तुमची ती गिटारच वाजवा, 14 वर्षांची कमाई आहे, ती कुठे सोडायची नाही. फक्त तिच्यावरही आता अंगठा ढिला ठेवून बघा. आणि पांढरी पाचचं सप्तक किती दिवसांत सुरात आलं ते कळवा, वहिनींना विचारून.